ऑफिसच्या खोलीत संत्र्यावरचा व्हिडिओ कार्यक्रम : कॅमेरा, माईक, लाइट काय घ्यावं?

संत्रा_बाग (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

आमची एक छोटी शेतकरी उत्पादक कंपनी आहे. ऑफिस नागपुरात, अमरावती रोडला, वाडीच्या अलीकडे. सभासद बहुतेक संत्रा बागायतदार. काटोल, नरखेड, कळमेश्वर, थेट वरुड-मोर्शीपर्यंतचे. मी तिथे कृषी सल्ल्याचं काम पाहते.

दिवसभर फोन सुरू असतात. "ताई, पान पिवळं पडून राहिलं, काय मारू?" आता पिवळं म्हणजे कसं पिवळं? नवं पान की जुनं? शिरा हिरव्या आहेत का? पान बारीक झालं का? फोनवर यातलं काही कळत नाही, आणि न बघता औषध सांगायला जीभ रेटत नाही. म्हणून ठरवलं की आठवड्याला एक २० मिनिटांचा कार्यक्रम ऑफिसातच रेकॉर्ड करायचा. मी आणि एक बागायतदार पाहुणा, समोर टेबल, टेबलावर त्यांच्याच बागेतली पानं-फळं. यूट्यूबवर टाकायचा आणि व्हॉट्सअॅपच्या गटांत लिंक द्यायची.

संचालक मंडळाने ९० हजार मंजूर केले आहेत. सामान एकदाच घ्यायचं आहे, पुन्हा पैसे मिळणार नाहीत. ऑफिसातल्यांचं मत असं की ६५-७० हजारांचा फोरके कॅमेरा घ्या, उरलेल्यात बाकीचं बसवा.

मागच्या आठवड्यात फोन फायलींच्या गठ्ठ्यावर टेकवून एक चाचणी केली. तीन गोष्टी दिसल्या. पाहुण्यांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. मागच्या भिंतीवर आडवे काळसर पट्टे खाली-वर सरकत होते. आणि मी हातात धरलेलं पान नुसता हिरवा डाग दिसत होतं, ज्याच्यासाठी सगळा खटाटोप तेच दिसेना.

खोली ११ बाय १४ फुटांची. फरशी, एका बाजूला काचेचं पार्टिशन, खिडकीत कूलर. होळी झाली, आता कूलरशिवाय बसणं कठीण. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

---

लग्नाचा_कॅमेरा

ताई, मी नागपुरातच लग्नाचं शूटिंग करतो, १४ वर्षं झाली. सामान सांगण्याआधी एक विचारतो. तुमचे बागायतदार हे बघणार कशावर? टीव्हीवर की मोबाइलवर? आणि तुम्हाला कार्यक्रम लाइव्ह करायचा आहे की रेकॉर्ड करून?

कॅमेऱ्याचं मन झालंच असेल तर सोनीचा झेडव्ही-ई१० पाहून घ्या. २०२१ चं मॉडेल आहे, पण अशा कामाला आजही चांगलं. बाहेरचा माईक लागतो, स्क्रीन बाजूला उघडून समोर वळते, म्हणजे एकटं माणूस स्वतःला फ्रेममध्ये पाहू शकतं. त्यात एक सोय तुमच्या कामाची आहे. प्रॉडक्ट शोकेस चालू केलं की चेहऱ्यासमोर धरलेल्या वस्तूवर फोकस आपोआप जातो आणि वस्तू खाली घेतली की परत चेहऱ्यावर येतो. हातातलं पान दाखवायला हेच पाहिजे. बॉडीत स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचा कंप सांभाळायची सोय नाही, पण तुमचा कॅमेरा स्टँडवरच राहणार, तेव्हा त्याची काळजी नको.

दुसरं, काहीही घ्या पण बॅटरीच्या जागी बसणारा अॅडॅप्टर घ्या, त्याला डमी बॅटरी म्हणतात. नाहीतर पाहुणे रंगात येतात आणि बॅटरी संपते.

---

ध्वनिवेडा

धागा वाचून राहवलं नाही. ६५ हजारांचा कॅमेरा आणि उरलेल्यात आवाज, हा हिशोब उलटा आहे.

तुमच्याच चाचणीत पहिली तक्रार आवाजाची निघाली. "विहिरीतून" हा शब्द अगदी बरोबर वापरलात. पाहुण्यांचा आवाज माईकपर्यंत सरळ कमी पोचला आणि फरशी, काच, छत यांवर आपटून जास्त पोचला. कॅमेरा लाखाचा घेतला तरी त्याचा माईक सहा फुटांवरच राहणार, आणि विहीर तशीच राहणार.

अंतर दुप्पट झालं की बोलणाऱ्याचा थेट आवाज ६ डेसिबलने पडतो. कूलरचा आवाज मात्र सगळ्या खोलीत भरलेला असतो, तो होता तेवढाच राहतो. म्हणून माईक तोंडापासून एका वितीवर आला की अर्धी लढाई जिंकली. बाकीचं सगळं त्याच्यानंतर.

माईक कोणता? तुमच्यासारख्या उघड्या-बोडक्या खोलीत कंडेन्सर माईक टेबलावर ठेवू नका. तो संवेदनशील असतो, खोलीचा घुमारा आणि रस्त्यावरचा ट्रकही उचलतो. डायनॅमिक माईक जवळून बोलल्यावरच नीट ऐकतो, लांबचं फारसं घेत नाही. शूरचा एसएम५८ १९६६ पासून बाजारात आहे आणि अजून स्टेजवर तोच दिसतो, त्यामागे हेच कारण. दोन डायनॅमिक माईक आणि झूमचा पॉडट्रॅक पी४ हा छोटा रेकॉर्डर घेतला तर दोघांचे आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर मिळतात. एकजण खोकला तर फक्त त्याचा ट्रॅक खाली करता येतो.

आता खोली. काचेच्या पार्टिशनला आणि समोरच्या भिंतीला काहीतरी जाड लावा. पातळ पडदा फक्त वरच्या पट्टीतला आवाज शोषतो, घुमारा तसाच राहतो. बाजारात काळा खाचांचा फोम मिळतो, तो एक इंचाचा असला तर त्याचंही तेच. आपण कापसाच्या मुलखात राहतो. गादीवाल्याकडून सरकी काढलेल्या कापसाच्या दोन सिंगल गाद्या भरून घ्या, चांगल्या चार इंची, आणि रेकॉर्डिंगच्या वेळी उभ्या टेकवा. भिंतीपासून वीतभर पुढे. जमिनीवर जाड सतरंजी. टाळी वाजवून पाहा, आधी आणि नंतर. फरक कानाला लगेच कळतो.

कूलरचं सांगायचं तर तो बंदच करावा लागेल. सॉफ्टवेअरने काढता येतो असं कोणी सांगेल. थोडा निघतो, जास्त काढायला गेलं की माणसाचा आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. पंपही बंद करा, नुसता पंखा बंद करून पाण्याची टिपटिप राहते. खोली आधी तासभर थंड करून घ्या आणि रेकॉर्डिंग सकाळी सातला ठेवा. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा दुपारी बंद खोलीत लाइट लावून बसलेला पाहुणा चार वाक्यांत उत्तर संपवेल.

---

संत्रा_बाग

लग्नाचा_कॅमेरा भाऊ, बघणार मोबाइलवरच. आणि रेकॉर्ड करूनच टाकणार, लाइव्ह नाही. औषधाचं प्रमाण बोलताना एकदा चुकलं आणि ते तसंच बागेत फवारलं गेलं तर नुकसान शेतकऱ्याचं. मला टाकण्याआधी पुन्हा ऐकायचं असतं.

ध्वनिवेडा, गाद्यांची कल्पना मनापासून आवडली. सकाळी सातला अमरावती रोडवर ट्रकही कमी असतात, हेही लक्षात आलं.

भिंतीवरचे पट्टे कशाचे? आणि पानाचं काय करू?

---

मुठाकाठ

पुण्याहून लिहिते आहे, छोट्या स्टुडिओत प्रकाशयोजनेचं काम करते.

पट्टे तुमच्या ट्यूबचे आहेत. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधी ट्यूब किंवा स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. डोळ्याला ते जाणवत नाही. फोन आपल्या मनाने शटरचा वेग, म्हणजे एका फ्रेमला किती वेळ उजेड घ्यायचा ते ठरवतो, तो या ठेक्याशी जुळला नाही की पट्टे सरकताना दिसतात. उपाय फुकट आहे. शटर १/५० किंवा १/१०० वर हाताने पक्कं करा आणि सेकंदाला २५ फ्रेम ठेवा. फोनच्या मूळ अॅपमध्ये ही सोय नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे अॅप मोफत मिळतं, आयफोनवर २०२३ पासून आणि अँड्रॉइडवर २०२४ पासून आहे. सगळ्या फोनवर चालत नाही, आधी बसवून बघा.

पण शटरपेक्षा मला तुमच्या पानाची जास्त काळजी वाटते. तुमचा कार्यक्रम रंगावर उभा आहे. पिवळं की पोपटी, शिरा हिरव्या की फिकट, यावरून शेतकरी निर्णय घेणार. आणि साध्या ट्यूबच्या उजेडात रंग खरे दिसत नाहीत. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा लिहिलेला असतो, तो ९५ किंवा वर असलेलाच दिवा घ्या. १०० म्हणजे उन्हासारखा रंग. गोडॉक्सच्या एसएल६० डब्ल्यू प्रकारातला एक दिवा, समोर मोठा सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी), एवढ्या खोलीला पुरेसा. तो ५६०० केल्व्हिनचा म्हणजे दिवसाच्या उजेडाचा असतो. असल्या दिव्यांना आत पंखा असतो, म्हणून माईकपासून लांब ठेवा. समोरून सरळ न लावता बाजूने ४५ अंशांत आणि डोक्याच्या वरून, सॉफ्टबॉक्स टेबलाच्या जितका जवळ आणता येईल तितका. दुसऱ्या बाजूला पांढरा फोमबोर्ड उभा केला की चेहऱ्याची काळी बाजू उजळते. त्या वेळी छताच्या ट्यूब बंद करा. दोन प्रकारचे उजेड एकत्र आले की अर्धा चेहरा पिवळा आणि अर्धा निळा होतो, आणि तो नंतर दुरुस्त होत नाही.

एक प्रश्न. तुमच्या खोलीच्या भिंतींना रंग कोणता आहे?

---

संत्रा_बाग

पिस्ता.

---

मुठाकाठ

मग पहिला खर्च डिस्टेंपरचा. हिरवट भिंतीवरून आलेला उजेडही हिरवटच असतो, तो पानावर पडला की पिवळं पान बरं दिसायला लागतं. निदान टेबलाच्या दोन बाजूंच्या भिंती पांढऱ्या किंवा फिक्या राखाडी करून घ्या.

पान पांढऱ्या कागदावर ठेवू नका, कॅमेरा पांढऱ्याला सांभाळायला जाऊन पान काळं करतो. हिरव्या कापडावर तर नकोच. राखाडी पुठ्ठा घ्या. आणि सुरुवात करताना पांढरा कागद दिव्याखाली धरून व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने पांढरं कशाला मानायचं ते, त्यावर पक्का करा. ऑटोवर ठेवला तर पाहुण्यांनी भगवा दुपट्टा घेतला की पानाचा रंग बदलेल.

---

काटोल_रोड

मी स्वतः संत्र्यावाला आहे, ६०० झाडं, आंबिया बहार धरतो. सामानातलं मले काही समजत नाही, पण पाहणारा मी आहे म्हणून लिहून राहिलो.

आम्ही हे व्हिडिओ पाहतो कवा? सकाळी ठिबकचा व्हॉल्व्ह खोलून बांधावर बसतो तवा, नाहीतर रात्री जेवल्यावर. बागेत रेंज एकच काडी. चित्र अटकते, आवाज चालू राहते. अर्धा कार्यक्रम आम्ही ऐकतोच, मोबाइल खिशात राहते. म्हणून ध्वनिवेडा भाऊ सांगून राहिले ते बरोबर आहे. आवाज साफ पाहिजे.

दुसरं असं की जेव्हा पान दाखवता तेव्हा हलवू नका. बहुतेक लोक पान हातात धरतात, दोन सेकंद दाखवतात, बोलता बोलता खाली ठेवतात. मी व्हिडिओ थांबवून पाहतो तर पान धूसर. दहा सेकंद एका जागी ठेवा. वरून दाखवा, मग उलटं करून दाखवा. कोळशीवाली काळी माशी पानाच्या खाली राहते, वर तर नुसती काजळी दिसते. काजळी पाहून माणूस बुरशीचं औषध आणते आणि माशी तशीच राहते. मी दोन वर्षं तसंच केलं.

आणि जुनं पान, नवं पान बाजूबाजूने ठेवा, ताई.

---

संत्रा_बाग

काटोल_रोड भाऊ, तुमच्या या प्रतिसादाने माझा सगळा आराखडा बदलला. मी आतापर्यंत "मी आणि पाहुणे" असं चित्र डोळ्यासमोर ठेवून सामान शोधत होते. खरा कार्यक्रम टेबलावर आहे.

बाकीच्यांसाठी जरा सविस्तर लिहिते, म्हणजे कॅमेऱ्याने नेमकं काय टिपायचं ते कळेल. जस्त कमी असलं की नवी पानं बारीक आणि अरुंद येतात, शिरांच्या मधला भाग पिवळा, शिरा हिरव्या. लोह कमी असलं तरी नवीच पानं पिवळी, पण आकार तेवढा लहान होत नाही आणि हिरव्या शिरांची बारीक जाळी फिक्या पानावर उठून दिसते. मॅग्नेशियमची कमतरता जुन्या पानांवर येते. कडा पिवळ्या पडत जातात आणि देठाकडे हिरवा त्रिकोण उरतो. नत्र कमी असलं तर जुनं पान सगळंच सारखं पिवळं. आपल्या चुनखडीच्या जमिनीत पहिल्या दोन गोष्टी फार दिसतात. हा फरक पाच इंचांच्या स्क्रीनवर दिसला पाहिजे. नाही दिसला तर माझं बोलणं ऐकून काही उपयोग नाही.

तर माझा प्रश्न आता असा : शिरेची जाळी दिसेल इतक्या जवळून कशाने टिपू?

---

लग्नाचा_कॅमेरा

आता प्रश्न नेमका झाला. मी आधी प्रॉडक्ट शोकेस सांगितलं, ते फळ, फांदी, औषधाची बाटली दाखवायला ठीक. शिरेच्या जाळीला नाही. कॅमेऱ्यासोबत जी साधी १६-५० लेन्स येते ती फूटभराच्या आत फारशी येऊ देत नाही. मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून टिपणारी, घ्यायची तर बजेट तिथंच संपते.

स्वस्तात दोन रस्ते. एक, त्या लेन्सवर क्लोजअप फिल्टर बसवायचा, भिंगासारखा असतो, ४०.५ मिलिमीटरचा आटा लागेल. हळदीच्या दिवशी मी अंगठीचे शॉट असेच घेतो. कडेला जरा धूसर होते, मधलं पान साफ येते. दुसरा, टेबलाच्या वर आडव्या दांडीचा स्टँड लावून त्यावर फोन खाली तोंड करून बसवायचा. आजकालच्या बऱ्याच फोनला जवळचा फोकस चांगला असतो. पण मॅक्रोच्या नावाने दिलेली वेगळी दोन मेगापिक्सेलची लेन्स वापरू नका, मुख्य लेन्सनेच वीतभरावरून दोनपट झूम करून घ्या. फोकस आणि उजेड दोन्ही लॉक करा.

मी म्हणेन दुसरा रस्ता धरा. कॅमेरा समोर, फोन वर. पान पुठ्ठ्यावर ठेवलं की हलणार नाही, काटोलच्या भाऊंची मागणी पूर्ण.

---

कोडवाला

वरचा फोन आणि समोरचा कॅमेरा दोन्ही एकत्र चालवायचे असतील तर ब्लॅकमॅजिकचा अॅटेम मिनी हा व्हिडिओ मिक्सर पाहा. चार एचडीएमआय इनपुट, बटन दाबलं की दुसरा कॅमेरा. नाहीतर लॅपटॉपवर ओबीएस स्टुडिओ, तेच काम करणारं सॉफ्टवेअर, ते पूर्ण मोफत. एडिटिंग लागतच नाही, कार्यक्रम संपला की फाइल तयार.

---

लग्नाचा_कॅमेरा

कोडवाला भाऊ, बटन दाबणार कोण? ताई बोलतील की बटन पाहतील? लग्नात आमच्याकडे मिक्सरवर वेगळा माणूस बसतो. यांच्याकडे तो नाही, आणि यांना चुकलेलं वाक्य कापायचंच आहे. दोन्ही यंत्रं सुरुवातीला चालू करायची, एक जोराची टाळी वाजवायची, शेवटी बंद करायची. एडिटिंगला टाळीवर टाळी जुळवली की झालं.

फक्त एक सांभाळा. फोनचा व्हिडिओ सेकंदाला नेमक्या २५ फ्रेम धरून चालत नाही, कमी-जास्त होतो. वीस मिनिटांनी ओठ आणि आवाज वेगळे पडायला लागतात. हँडब्रेक नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमधून फाइल ठराविक फ्रेमवर आणून घ्या, मग एडिटिंगला घ्या. तुमच्या फोनमध्ये तर नुसतं पान असणार, ओठ नाहीत, म्हणून तितकी अडचणही येणार नाही.

---

कोडवाला

माणूस नसेल तर तुमचं बरोबर आहे. मी लाइव्ह धरून बोललो होतो. मग माझा एक सल्ला घ्या, फोरकेच्या मागे लागू नका. १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) फोरके रेकॉर्ड केलं तर तासाला ४५ जीबी जातात, फुल एचडी ५० ने केलं तर साडेबावीस. ऑफिसचा लॅपटॉप त्या फोरके फाइलवर रडेल आणि बघणारे ७२० वरच बघणार. वाचलेल्या पैशात एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या आणि प्रत्येक भाग दोन ठिकाणी ठेवा.

कॅमेऱ्याच्या कार्डावर व्ही३० लिहिलेलं असावं. म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी लिहील याची खात्री. आणि कार्ड ओळखीच्या दुकानातून, पक्क्या बिलावर.

---

ध्वनिवेडा

विजेचं कोणी बोललंच नाही. उन्हाळ्यात लाइट जाणारच. कार्ड लिहीत असताना कॅमेऱ्याची वीज गेली तर अख्खी फाइल हातची जाऊ शकते. इन्व्हर्टर चालू व्हायला क्षणभर लागतो, तेवढा क्षणही पुरतो. कॅमेऱ्याच्या अॅडॅप्टरला कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस लावा. लॅपटॉपला माईक जोडणार असाल तर रेकॉर्डिंगच्या वेळी चार्जर काढून बॅटरीवर चालवा, बऱ्याचदा घूंऽऽ असा बारीक आवाज त्यानेच जातो. आणि सॉकेटचं अर्थिंग एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

---

संत्रा_बाग

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहिते आहे. या मधल्या काळात खूप फिरले.

घेण्याआधी भाड्याने आणून बघितलं. सीताबर्डीवरून एका दिवसासाठी कॅमेरा आणला. ओळखीच्या मंडपवाल्यांकडून दोन डायनॅमिक माईक स्टँडसकट मिळाले. एक दिवस भाड्याचे पैसे गेले, पण काय घ्यायचं नाही ते त्या दिवशी कळलं.

टेबलावरचा माईक आमच्या पाहुण्यांना जमला नाही. आवाज सुंदर होता, ध्वनिवेडा म्हणाले तसाच. पण काका झाडाची उंची सांगायला लागले की दोन्ही हात वर करून मागे रेलत, आणि आवाज माईकपासून दूर जाई. मी खुणेने पुढे व्हा म्हटलं की ते बोलायचेच थांबत. माईक पाहून त्यांची भाषाही बदलली, "आमच्या उद्यानामध्ये" म्हणायला लागले. बाग म्हणणारा माणूस उद्यान म्हणतो तेव्हा तो घाबरलेला असतो. म्हणून कॉलरला लागणाऱ्या छोट्या माईककडे वळलो. दोन ट्रान्समीटरची (आवाज पाठवणाऱ्या डब्या) वायरलेस जोडी घेतली, रोडचा वायरलेस गो २. त्यात ट्रान्समीटरच्या आतही रेकॉर्डिंग होतं, मधेच सिग्नल तुटला तरी आवाज हाती राहतो. सोबत राखीव म्हणून बोयाचा बीवाय-एम१, वायरवाला. स्वस्त आहे, वायर सहा मीटर लांब आहे, आत एक बटन-सेल लागतो आणि कॅमेरा-मोबाइल असा स्विच आहे. तो स्विच मोबाइलच्या बाजूला राहिला तर कॅमेऱ्यात नीट येत नाही, हे चिठ्ठीवर लिहून डबीत ठेवलं आहे.

कॅमेरा शेवटी झेडव्ही-ई१० च घेतला, पण वापरलेला, एका हौशी माणसाकडून, बिल आणि खोक्यासकट. नव्याच्या किमतीत तो आणि डमी बॅटरी, क्लोजअप फिल्टर, कार्ड एवढं सगळं बसलं. वरून पान टिपायला ऑफिसचा फोन. सीआरआय ९५ वाला एक दिवा, सॉफ्टबॉक्स, दोन फोमबोर्ड. यूपीएस ऑफिसात पडून होता, त्याची बॅटरी बदलली. दोन भिंती पांढऱ्या झाल्या. महाल भागातल्या गादीवाल्याने विचारलं, "ताई, एवढ्या कडक गाद्या कोणासाठी?" भिंतीसाठी म्हटल्यावर त्याने चारचा सहा इंच करून दिला आणि पैसे चारचेच घेतले. मंजूर रकमेतून साडेसहा हजार उरले आहेत, ते हार्ड डिस्कला.

पहिल्या भागात एक गोष्ट फसली. माईक पाहुण्यांच्या शर्टाला लावला, वरून त्यांनी दुपट्टा सारखा केला, आणि पूर्ण अकरा मिनिटं खरखर आली. मी कानाला हेडफोन लावला नव्हता. आता ऑफिसातला एक मुलगा फक्त ऐकायला बसतो, दुसरं काहीच काम त्याला देत नाही. दुपट्टा काढा असं पाहुण्यांना सांगणं मला बरं वाटत नाही. म्हणून माईक दुपट्ट्याच्याच काठाला, वर आणि बाहेर लावतो, वायरचा छोटा वेढा करून आतून चिकटपट्टीने दाबून टाकतो. कापड हललं तरी माईक कापडासोबत हलतो, घासत नाही.

पान मात्र पहिल्याच दिवशी साधलं. राखाडी पुठ्ठा, शेजारी मापाला स्टीलची पट्टी, डावीकडे जुनं पान, उजवीकडे नवं. वरून फोन, शटर १/५०, सगळं लॉक. पंधरा सेकंद कोणी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. मग काकांनी स्वतःच चिमट्याने पान उलटं केलं, आणि पानाच्या पाठीवर काळ्या माशीचे कोष रांगेने दिसले, चकचकीत काळे, मोहरीपेक्षा बारीक, प्रत्येकाभोवती पांढरी किनार. मी आठ वर्षं या कामात आहे, भिंगाशिवाय इतकं स्वच्छ कधी पाहिलं नव्हतं.

---

मुठाकाठ

व्हिडिओ पाहिला. रंग बरोबर आहेत. पान उलटं करताना चिमट्याची सावली कोषांवर पडते, दिवा थोडा पायाकडून डोक्याकडे सरकवा म्हणजे सावली बाहेर जाईल. तुमच्या चेहऱ्यावर उजेड जरा जास्त आहे, दिवा थोडा कमी करा. बाकी हात लावू नका.

---

ध्वनिवेडा

खरखरीचा भाग सोडून आवाज उत्तम. सर्वात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास येईल एवढीच पातळी ठेवा. पाहुणे फळगळीवर बोलायला लागले की आवाज चढतो, त्याला जागा राहू द्या. ७ मिनिटं ४० सेकंदांपासून मागे एक बारीक घरघर आहे. ट्रक नाही, सारखी आहे. शेजारच्या खोलीतला कूलर किंवा फ्रिज असावा.

---

संत्रा_बाग

शेजारच्या खोलीतला फ्रिज, माती-पानांचे नमुने ठेवायचा. तासभर बंद केला तर नमुन्यांना काही होणार नाही. पुढच्या वेळी त्याच्यावर कार्यालयाच्या दाराची चावी ठेवणार आहे, म्हणजे फ्रिज परत चालू केल्याशिवाय घरी जाता येणार नाही.

काटोल_रोड भाऊ, पुढच्या भागाला तुम्ही याल का? विषय जस्त आणि लोह. बुधवारी सकाळी सात.

---

काटोल_रोड

येतो ताई. पाचलाच निघतो. नवी-जुनी पानं वेगवेगळी बांधून आणतो, ओल्या फडक्यात, म्हणजे सुकणार नाहीत. दोन झाडं अशी आहेत की मले स्वतःले समजून नाही राहिलं जस्त आहे का लोह. त्याचीच आणतो.